उठाव नसलेला माल

५ जून

ताई,

पायावर डोकं वगैरे ठेवलं असं समज आणि पुढे वाच.

पाकीट हातात आलं तेव्हा आधी वाटलं, बाबा गेले. मुकादमाकडे रजा मागायला निघालोसुद्धा. वाटेत फोडलं, तर आत काय? लोकरीची मागणी! बाबा पडले तेव्हा मी आलो नाही म्हणून तू माझा फोन उचलत नाहीस, शेजारच्या काकूंकडे निरोप ठेवला तर घेत नाहीस. तुझ्या लेखी मी खपलोच होतो. आता लोकर लागली तसा भाऊ उठून बसला. चालायचंच.

आणि पत्र तरी कसलं! ‘विणकामाच्या एका मोठ्या कारखान्यात नमुने विणायला बाई हवी आहे. उठावाच्या टाक्यांचा पलंगपोस करून दाखवायचा आहे. पसंत पडला तर नोकरी. इथे धड लोकर मिळत नाही. तुझ्या गोदामातून पाठव.’ संपलं. जेवतोस का, झोपतोस कुठे, एक अक्षर नाही. उगाच नाही आपण तुला मुका खांब म्हणायचो. क्रोशाच्या टाक्यांत सगळ्यात बुटका, सगळ्यात गप्प टाका तो, आणि घरात सगळ्यात गप्प तू. नाव मीच काढलं होतं. बाबा हसून हसून खोकले होते, आठवतं? तू तेव्हाही काही बोलली नव्हतीस.

मी लोकरीच्या गोदामात आहे हे काकूंनी सांगितलं असणार. हॉटेलात भांडी घासली, रंगाऱ्याच्या हाताखाली राहिलो, टायरच्या दुकानात हवा भरली, कुठे मन लागलं नाही. इथे निदान दिवसभर हलायला मिळतं. गाठोडी उतरवायची, फोडायची, लॉट बघून फळ्यांवर रचायची. संध्याकाळी शिंकलो की रुमाल कधी निळा, कधी गुलाबी.

तुझं पत्र वाचून मी मुकादमाला विचारलं, “उठावाची लोकर कुठल्या फळीवर?” तो म्हणाला, “ज्या मालाला उठाव आहे तो फळीवर राहतोय होय रे? ज्याला उठाव नाही तोच इथे आपल्या उरावर बसतो.” गिऱ्हाइकांशी बोलायला एक चष्मेवाली बाई आहे, ती हसून हसून टेबलावर आडवी झाली. म्हणाली, “अहो, तो विक्रीच्या उठावाचं नाही विचारत. टाके वर उठून दिसायचे असतात, त्याचं विचारतोय पोरगा.” मग तिने मला फळीफळीने फिरवलं.

आता नीट ऐक. गडद रंग घ्यायचा नाही. काळ्या-निळ्यात तू डोळे फोडून टाक्यांची वेणी काढशील आणि लोकांना दिसेल घोंगडं. केसाळ लोकर घ्यायची नाही, लव टाके गिळून टाकते. एका धाग्यात चार रंग असलेली तर मुळीच नको, रंगच नाचतात आणि काम मागे पडतं. उठावाच्या कामात रंग बघायचा नसतो, सावली बघायची असते. फुगीर टाक्याची सावली शेजारच्या टाक्यावर पडली पाहिजे. त्याला हवी फिकी, गुळगुळीत, गोल धाग्याची, तीन-चार पदरी, घट्ट पिळाची लोकर. मुठीत दाबून सोडली की परत फुगली पाहिजे. नाहीतर आज फुगा, उद्या पापुद्रा.

आणि सगळी एकाच लॉटची, एकाच वेळी रंगवलेली. पांढऱ्यातसुद्धा दहा पांढरे असतात.

पाठवतो. माझी जिरवायची संधी तुला मिळू नये म्हणून पाठवतो, प्रेमाबिमाने नाही.

भिंगरी


१९ जून

ताई,

काकूंचा फोन आला होता. तुझ्यापेक्षा त्या बऱ्या, निदान पोटात काही ठेवत नाहीत. “काय रे भिंगऱ्या, बहीण चालली हो परगावी! राहायला खोली पण देणारेत म्हणे कारखान्यातच.”

मी म्हटलं, “आणि बाबा?”

“ते तुमचं तुम्ही बघा बाबा. मी काय सांगू? मुलगा तू आहेस.”

मुलगा तू आहेस! हे वाक्य लोकांच्या तोंडात तयारच असतं. लहानपणी ताटात मोठा वाटा आला तेव्हा ऐकायला गोड होतं, आता त्याच वाट्याचं बिल आल्यासारखं वाटतं.

म्हणजे तुझा बेत हा आहे. नोकरी धरायची, पेटी उचलायची, आणि उजवं अंग लुळं पडलेला माणूस माझ्या दारात आणून टाकायचा. पत्रात एवढं तरी लिहायचं होतंस. मी इथे एका खोलीत आणखी दोन हमालांबरोबर राहतो. वळकटी पसरली की दार उघडत नाही. तिथे मी त्यांना धुऊ? पुसू? मला एका जागी बसवलं की तळपायाला मुंग्या येतात हे तुला माहीत आहे. घाटापलीकडे नवीन पुलाचं काम निघालंय, माणसं घेतायत, हिवाळ्यात तिकडे जायचं माझ्या मनात आहे. खांद्यावर बाबांना घेऊन जाऊ?

एक सरळ प्रश्न विचारतो, सरळ उत्तर दे. तुला नोकरी लागली तर बाबांचं काय?

उत्तर यायची वाट बघत बसलो नाही मी. शेवटी भाऊ आहे. लोकर आजच गाडीला घातली. बघच तू, सायीच्या रंगाची, हातातून घसरते इतकी गुळगुळीत. सगळी एका लॉटची, मी स्वतः शिक्के बघितले. एकेक लडी निवडून घेतली, एकही पिवळट नाही, एकही मळलेली नाही. चष्मेवाली म्हणाली, “एवढ्या मायेने कोणासाठी निवडतोयस?” मी म्हटलं, “बहिणीसाठी.” तिचे डोळे भरून आले. बायका पटकन भरून येतात.

सुरुवात कर. वेळ थोडा आहे.

भिंगरी


१० जुलै

ताई,

‘लोकर मिळाली. विणायला घेतली.’ एवढंच लिहिण्यासाठी पाकिटाला तिकीट लावलंस? आणि प्रश्नाचं उत्तर कुठे आहे? बाबांचं काय, असं मी विचारलं होतं. तू ते वाचलंच नाहीस की वाचून मुका खांब झालीस?

ठीक आहे. नको देऊ. उत्तर न देणं हेच उत्तर.

लोकरीबद्दल मात्र कळव. वेणी कशी पडतेय? फुगे उभे राहतायत ना? सुई मध्येच पदरांत शिरते का? एखादा पदर टाक्याच्या बाहेर लोंबतो का? तसं झालं तर घाबरू नकोस, नव्या लोकरीचं होतं असं. आणि उसवू तर अजिबात नकोस. उसवलं की धागा दमतो, पहिल्यासारखा होत नाही. चुकलं तरी पुढे जा. एवढ्या मोठ्या पलंगपोसात एखादा टाका कोण बघतंय!

आमच्याकडे या आठवड्यात धमाल झाली. मुकादम गाठोड्यावर चढून भाषण ठोकत होता, गाठोडं घसरलं आणि तो चारी मुंड्या चीत. कोणी उचलेना. मी लांबून म्हटलं, “मुकादम, तुम्हाला उठाव नाही वाटतं!” सगळं गोदाम हसलं. त्या दिवसापासून मला जड गाठोडी देतो. देऊ दे. खांदे आहेत.

बाबांना सांग मी विचारलं म्हणून. नको, सांगू नकोस. मग कधी येतो म्हणून विचारत बसतील.

लोकरीचं लिही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

भिंगरी


८ ऑगस्ट

ताई,

आज माझ्याकडून तुला चहा. तू इथे नाहीस, म्हणून तुझ्या वाटणीचाही मीच प्यायलो.

काकूंचा सकाळी फोन आला. म्हणाल्या, “अरे, ती काल पलंगपोस दाखवून आली. रिकामी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. तोंडातून शब्द नाही. चहा दिला तर निवून गेला. काय झालं विचारलं तर नुसती बघते.” मी फोन ठेवला आणि भर रस्त्यात शीळ घातली.

पडलीस ना? तोंडघशी पडलीस ना?

आता ऐक तुला काय विणायला दिलं होतं ते. जिन्याखाली पोती पडली होती, दुकानांनी परत पाठवलेल्या मालाची. दिसायला लोणी. पण पीळ इतका सैल की चिमटीत धरून जरा उलटं फिरवलं तर चारही पदर बोटांवर सांडतात. सुई घातली की धाग्याच्या पोटात घुसते. फुगीर टाका काढावा तर आपल्याच वजनाने खाली बसतो, वेणी काढावी तर केस विस्कटल्यासारखी दिसते. ज्या बाईने नेली तिने परत आणली. मुकादम म्हणाला होता, “ह्या मालाला उठाव नाही, उशांत भरायला काढा.” मी म्हटलं, “थांबा, मी घेतो, बहिणीला पाहिजे आहे.” तो म्हणाला, “दुष्मनी आहे का रे बहिणीशी?” आणि हसत हसत देऊन टाकली.

तुला उठावाच्या कामाला उठाव नसलेला माल पाठवला मी! आहे की नाही गंमत?

पण गंमत आयती होत नाही. पोत्यातून गुळगुळीत दिसतील तेवढ्याच लड्या काढल्या. धाग्याची टोकं पाणी लावून वळली, म्हणजे घरी पोचल्या पोचल्या तुला शंका यायला नको. अख्खी दुपार घातली. तुझ्यासाठी इतका वेळ मी जन्मात कधी दिला नव्हता.

पहिल्या पत्रात मी तुला सगळं खरं शिकवलं होतं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की तू बाबांना माझ्या गळ्यात मारायला निघालीयस. मी विचारलं, तू बोलली नाहीस. मग मीही बोललो नाही. मुकेपण काय तुझीच मक्तेदारी आहे?

आता बस घरी. त्यांना कुशीवर वळव, लाळ पूस, भांडं ठेव. तुझं वय गेलं, तुला कोणी न्यायला येणार नाही, आणि आता कारखानाही येणार नाही. तुझी जागा त्यांच्या उशाशी आहे आणि मी घाटापलीकडे जातोय.

हे सांगतोय कशाला? न सांगता भागलं असतं. पण मग तू आपल्या हातालाच बोल लावत बसली असतीस. हात चांगला आहे तुझा. तो कोणी कापला हे तुला कळायला हवं, म्हणून सांगितलं.

भिंगरी


११ ऑगस्ट

ताई,

अभिनंदन! अभिनंदन! अभिनंदन!

आत्ताच काकूंनी सांगितलं. बाई गं, एवढी आनंदाची बातमी आणि तू चार दिवस भिंतीला टेकून बसलीस? “अरे, तिला आनंद बोलताच येईना,” काकू म्हणाल्या. “आज सकाळी माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. म्हणाली, काकू, मला घेतलं. पिशवी रिकामी का, तर पलंगपोस त्यांनी ठेवूनच घेतला. भिंतीवर लावणार आहेत.” मी म्हटलं, “काकू, नीट विचारा, तोच पलंगपोस का?” म्हणाल्या, “तोच रे. तू पाठवलेल्या लोकरीचा. कारखान्याच्या मोठ्या बाईंनी फुग्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, ही लोकर कुठून आणली?”

मला खात्रीच होती. मी मुद्दामच ती निवडली. तुझा डावा हात लक्षात ठेवून.

पुन्हा खात्री करावी म्हणून चष्मेवालीला विचारलं, सैल पिळाची लोकर उठावाला चालते का? ती म्हणाली, “उजव्या हाताला नाही चालत. उजव्या हाताची सुई धाग्याला वेढा देताना आपल्या लोकरीचा पीळ थोडा थोडा उलगडते. डावखुरी विणणारी असेल तर उलटं होतं, प्रत्येक टाक्याला पीळ चढत जातो. घट्ट लोकर डाव्या हातात आवळून कुरळी होते, आणि ही सैलवाली बरोबर गोल बसते. तुझी बहीण डावखुरी आहे का रे? हे तुला आधीपासून माहीत होतं?” मी म्हटलं, हो. तुलाही तेच सांगतो, हो.

विसरेन कसा? घरात तुझा डावा हात कोणी बघायचाच नाही म्हणा. तू उजव्याने लिहायचीस, उजव्याने जेवायचीस. बाबा तुझा डावा हात उपरण्याने कमरेला बांधायचे आणि मी पहाऱ्यावर. “बाबा, ताई डावी झाली!” असं ओरडलं की मला खडीसाखर. फक्त मागच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून, तू सुई डाव्या हातात घ्यायचीस. तेव्हा तुझा धागा कायम वळून वळून गाठाळायचा आणि आम्ही म्हणायचो, हिच्या हातालाच पीळ आहे. आता कळलं ना, तुला जन्मभर लोकरच चुकीची मिळत होती? ती चूक दुरुस्त कोणी केली? भावाने.

काकूंनी आणखी एक सांगितलं. तू खोली दोघांची मागून घेतलीस. तळमजल्यावरची. दारातून चाकाची खुर्ची जाते की नाही ते स्वतः ढकलून बघून आलीस. पहिल्या दिवसापासून तू त्यांना म्हणत होतीस, वडिलांसकट घ्याल तर येते. ताई, मग मी विचारलं तेव्हा दोन शब्द लिहायला तुझं काय जात होतं?

बरं, आता महत्त्वाचं. एक पाकीट तुला येईल, कदाचित ह्याच्या आधी येईल. ते फोडू नकोस. चुलीत घाल. गोदामात चेष्टामस्करी चालते, मुकादमाने कोणाच्या तरी नावाने काहीतरी लिहिलंय. अक्षर माझ्यासारखं वाटलं तरी माझं नाही. आणि फोडलं असलंस तर पूर्ण वाचू नकोस. आणि पूर्ण वाचलं असलंस तर मनावर घेऊ नकोस. तू कधीच काही मनावर घेत नाहीस, तुझा हा गुण मला लहानपणापासून फार आवडतो.

बाबांना नमस्कार. त्यांना नव्या खोलीत खिडकीजवळ ठेव.

तुझाच लाडका,
भिंगरी


२९ ऑगस्ट

ताई,

माल मिळाला.

कारखान्याची गाडी लोकर न्यायला आमच्याकडेच येणार हे मला कुठे ठाऊक होतं? मोठ्या बाईंना लोकर आवडली ना! गेल्या आठवड्यात दुपारी गाडी लागली. आम्ही नेहमीसारखे फळी टाकून उभे राहिलो. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं, म्हणाला, “आधी हे उतरवा.” आत चाकाच्या खुर्चीत बाबा, दोन बाजूंना दोर लावून बांधलेले, मांडीवर गाठोडं. अंगात धुतलेला सदरा, केस विंचरलेले, दाढी केलेली. म्हणजे तू शेवटपर्यंत सगळं नीट केलंस.

हमालांनी विचारलं, “कुठे उतरवायचं?” मुकादम कमरेवर हात ठेवून म्हणाला, “काट्यावर घ्या. वजन केल्याशिवाय आपण काही उतरवून घेत नाही.” सगळे हसले. मीही हसलो ताई, पटकन दुसरं काय करणार? बाबांना वाटलं आपलं स्वागत होतंय. तेही अर्ध्या तोंडाने हसले.

मी ड्रायव्हरला बाजूला घेतलं. “चिठ्ठी दिली असेल ना?”

“नाही.”

“काही सांगितलंय?”

“हो. म्हणाल्या, तुमचं पत्र मिळालं म्हणून सांगा.”

“कुठलं पत्र? पहिलं की दुसरं?”

“ते मला काय माहीत, राव? मला एवढंच सांगितलं. फळी काढा आता, मला परत जायचंय.”

गाठोडं उपसून बघितलं. दोन सदरे, चादर, औषधं, दाढीचं सामान. औषधांच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळ तू लिहिलेलं आहे, तेवढंच तुझं लिहिणं. बाबांना विचारलं, “ताई काय म्हणाली?” ते म्हणाले, “काय म्हणणार? गाडीत बसवलं. दोर आवळला. लागतो का विचारलं. मग दार लावलं.”

ह्याला काय म्हणायचं? नोकरी मिळाली, खोली मिळाली, दोघांची मिळाली! एक माणूस मावला असता तिथे. माझ्यावर राग तर माझ्यावर काढायचा, दोन शिव्या लिहायच्या. ह्या म्हाताऱ्याने काय केलं होतं तुझं? हां, हात बांधला होता. पण तो तर तू इतकी वर्षं विसरून बसली होतीस. मीच त्या पत्रात खडीसाखरेची आठवण काढली म्हणून की काय?

खोलीवरचे दोघे दुसऱ्याच दिवशी वळकट्या घेऊन गेले. दिवसा मी बाबांना गोदामात आणतो. मुकादमाने जागा दिलीय, जिन्याखाली, ती पोती होती तिथे. येता जाता म्हणतो, “ह्यालाही उठाव नाही रे.”

पुढच्या गाडीने त्यांना पाठवतो. कळव.

भिंगरी


२१ सप्टेंबर

ताई,

पुढची गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, “ताईंनी सांगितलंय, लोकरीशिवाय काही भरायचं नाही.” मी हातापाया पडलो. त्याने गाडीला कुलूप लावलं आणि चावी खिशात घालून चहा प्यायला गेला.

भांडत नाही आज. विचारायचं आहे. त्यांना कुशीवर कसं वळवायचीस? मी खांदा धरून ओढतो तर ओरडतात. गोळी जिभेवर ठेवली की गालात दाबून धरतात आणि नंतर सदऱ्यावर थुंकतात, त्यावर तुझा काय उपाय होता? पाठीवर लाल चट्टा उठलाय, त्याला काय लावू? एवढं लिहिलंस तर बास. तुझं पत्र नको, नुसती चिठ्ठी चालेल.

जेवतात डाव्या हाताने. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चमकलोच. तूच शिकवलंस म्हणे. रोज समोर बसून आपल्या डाव्या हाताने घास घेऊन दाखवायचीस, मग ते घ्यायचे. हे सांगताना त्यांना काही वाटत नाही. मी म्हटलं, “बाबा, डावे झालात!” तर माझ्याकडे बघून म्हणाले, “तुला नाही जमायचं शिकवायला.”

काल मी बाहेर होतो आणि त्यांना भांडं हवं होतं. हाका मारल्या, त्याही तुलाच. मी येईपर्यंत सगळं झालं होतं. माझा हात उठला. मारलं नाही फार. गालावर एक, लहान मुलाला मारतात तशी. तुला कळावं म्हणून लिहितोय. रोज होईल. तू उत्तर दिलं नाहीस तर रोज होईल आणि ते तुझ्या नावावर.

पुलाच्या कामाची माणसं भरून झाली.

भिंगरी


१७ ऑक्टोबर

ताई,

तुझी चिठ्ठी आली नाही. नकोच आता.

गेल्या आठवड्यात बाबांनी जेवण सोडलं. घास पुढे केला की मान फिरवायची आणि दाराकडे बघायचं. “ती येऊ दे, मग जेवतो.” मी समजावलं, दरडावलं, नाक दाबून बघितलं. मुकादमानेही दोन गोष्टी सांगितल्या. एकच धोशा, “ती आज येईल. माझी लेक मला टाकायची नाही.”

लेक! इतकी वर्षं मी वाघ होतो आणि तू डावी होतीस. आता बघा.

मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, “बाबा, ताई गेली.”

“कामावर?”

“नाही. गेली. कारखान्यात जिन्यावरून पडली. सगळं उरकलं त्यांनी तिकडेच.”

त्यांनी डावा हात वर उचलला, मध्येच थांबला, परत मांडीवर पडला. रडले. अर्ध्या तोंडाने रडणं कसं दिसतं ते तू बघितलं आहेस का? मी बघितलं. मग बराच वेळ गेला आणि त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं. मी भरवलं. ताट पुसून जेवले.

तेव्हापासून शहाणे झालेत. हाका नाहीत, हट्ट नाही, गोळी गिळतात. वळवलं की वळतात. दाराकडे पाठ करून बसवलं तरी चालतं. मला म्हणतात, “आता तूच.” हात फिरवतात माझ्या डोक्यावरून, डावा.

ड्रायव्हरला दम देऊन ठेवलाय, तुझं नाव गोदामात काढायचं नाही. तो म्हणत होता, तुझ्या हाताखाली आता चार बायका आहेत, आणि मोठ्या बाईंनी तुझ्यासाठी मुद्दाम सैल पिळाची लोकर कातून घ्यायचं ठरवलंय. छान. वीण.

इतके दिवस उत्तर दे, उत्तर दे म्हणून तुझ्या मागे लागलो होतो. आता देऊ नकोस. कधी राग निवला, कधी बघून यावंसं वाटलं, तरी इकडे फिरकू नकोस, आणि पत्र तर नकोच. त्यांचं अर्धं अंग गेलंय, डोळे शाबूत आहेत. पाकीट मुकादमाच्या हातात असलं तरी ते जिन्याखालून तुझं अक्षर ओळखतील.